गड्याच्या हातात खुरपं

२०२२ साल होतं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि मला एकसष्टावं वर्ष चालू होतं. कारंज्याहून कामरगावच्या अंगाला आमची वाडी आहे. थोडीशीच काळी जमीन, एक विहीर, त्यावर वांगी, मिरची, पालक आणि सांभार. पुण्याकडचे लोक त्यालाच कोथिंबीर म्हणतात. मोटर सुरू करून मी शेताच्या कडेच्या धुऱ्यानं निघालो, तर अर्ध्या वाटेत मागून बायको ओरडली.

"अवो, थांबा! हे चप्पल कोनाची?"

वळून पाहिलं तर तिच्या हातात माझी उजवी चप्पल. खाली पाहिलं तर पाय उघडा. धुऱ्यावर काटे, धसकटं, ढेकळं. एवढं सगळं तुडवत आलो आणि तळपायानं मला काहीच कळवलं नव्हतं.

"मीच काढली," मी म्हणालो.

"एकच?"

"एकच चावत होती."

तिनं चप्पल माझ्यापुढं टाकली आणि तिथंच उभी राहिली. अंगठा पट्ट्यात जाईना. शेवटी हातानं पाय धरून आत घातला. तिनं ते पाहिलं आणि पुढं निघून गेली.

मी शाळेत चौथीपर्यंत बसलो. शिकलो किती ते मास्तरला माहीत. पण पाणी ओलण्यात माझा हात धरणारा आमच्या गावात कोणी नव्हता. दांडातलं पाणी वाफ्यात घ्यायचं, वाफा भरला की फावड्यानं माती ओढून तोंड बंद करायचं आणि पुढचं उघडायचं. बांध फुटला नाही पाहिजे, रोप वाहिलं नाही पाहिजे. हे उभ्याचं काम आहे, पायाचं आहे. पाय गेले तर वाडी हातची जाईल हे मला त्या चपलेपासूनच दिसत होतं, आणि म्हणूनच मी कोणापाशी तोंड उघडलं नाही.

दोन वर्षांआधी डावा डोळा असाच धूसर झाला होता. बुबुळ फिरवलं की मागून कळ यायची, आणि लाल मिरची मळकट विटकरी दिसायची. मेडिकलमधून थेंब आणून टाकले. महिनाभरानं डोळा आपोआप साफ झाला, मी थेंबाला शाबासकी दिली. पायालाही तशीच मुदत दिली.

पाय काही आला नाही. तो फरफटायला लागला. कमरेखाली मुंग्या. आणि मान खाली घातली की मानेपासून पाठीच्या कण्यातून झटका जायचा, मोटरच्या स्टार्टरला ओला हात लागावा तसा. वाफ्याकडं पाहायचं म्हणजे मान खाली घालावीच लागते. दिवसातून किती झटके खाल्ले त्याचा हिशोब नाही.

गावानं लवकरच नाव ठरवून टाकलं, अंगावरून वारं गेलं. आणि वाऱ्यावर आमच्याकडं एकच इलाज, शेक. चुलीत वीट तापवायची, वरून एरंडाचं पान लावायचं, फडक्यात गुंडाळून पायाला धरायची. माझ्या बापानं घेतला, त्याच्या बापानं घेतला. आत शिरलेला वारा उबेनं बाहेर निघतो, यात न पटण्यासारखं काय आहे?

बायको रोज संध्याकाळी वीट तापवायची. शेक झाला की पाय जास्तच लुळा पडायचा, खाटेवरून उठताना भिंत धरावी लागायची. मी म्हणायचो, रोग बाहेर निघून राह्यला.

"अजून तपव."

"किती तपवू? फडकं करपून राह्यलं."

"मले तं कोमटच लागते."

एका संध्याकाळी मी तिच्याशी मिरचीच्या रोपांचं बोलत होतो आणि ती मधेच थांबली. तिला वास आला होता. फडक्याचा नव्हता तो. तिनं वीट ओढून फेकली तर घोट्याच्या वर कातडी पांढरी पडून हा एवढा फोड आलेला. बोलता बोलता मी भाजलो होतो आणि मला त्याची खबर नव्हती.

"तुमाले लागलं नाही?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही म्हनतो ना!"

ती उठली आणि तिनं कारंज्याला पोराला फोन लावला. पोरगा तिथं नोकरीत आहे, एकुलता एक. रात्रीच्या आत तो गाडी घेऊन दारात उभा राहिला.

अकोल्याला मला एका मशीनच्या बोगद्यात निजवलं. आत थ्रेशर चालावं तसा आवाज. नंतर डॉक्टरीण बाईनं फोटो दाखवले. बाई माझ्या पोराहून लहान. मेंदूत जागोजागी पांढरे ठिपके होते, पानावर बुरशी पडते तसे.

"काका, याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. तुम्ही नुसतं एमएस म्हणा."

"म्हंजे लकवाच ना?"

"लकवा नाही. मेंदूतून हातापायाकडे नसा जातात, त्यांच्यावर एक वेष्टन असतं. तुमचं शरीरच ते वेष्टन कुरतडतंय."

हे मला चटकन समजलं. विहिरीवरची केबल खारीनं कुरतडली की असंच होतं. मोटर चांगली, लाइनही आलेली, पण मोटर कधी चालते, कधी नुसती घुरघुरते. फक्त ते 'तुमचं शरीरच' काही केल्या गळ्याखाली उतरेना. खारीला निदान दगड मारता येतो.

बाईनं विचारलं, आधी कधी डोळ्याला काही झालं होतं का. मी डोळ्याचं सांगितलं. पोरगा माझ्याकडं असा पाहायला लागला, जणू मी त्याच्या खिशातून काही काढलं.

"बाबा, हे आमाले कधी सांगतलं तुमी?"

"तुले आता सांगून राह्यलो ना."

बाई म्हणाली, "या वयात हा आजार पहिल्यांदा कमीच सापडतो. बहुतेक तुमच्यात आधीपासून असणार."

"बरा कधी होईन?"

तिनं नजर चुकवली नाही. "मुळापासून घालवणारं औषध नाही, काका. आजाराचे नवे हल्ले कमी करणारं आहे, ते सोडायचं नाही. व्यायाम करायचा. थकण्याआधी थांबायचं. या आजारात माणसं चांगली जगतात, कामं करतात. मी रोज बघते." मग तिचं लक्ष माझ्या पायाच्या पट्टीकडं गेलं. "हे काय झालं?"

बायकोनं विटेचं सांगितलं. बाईनं पेन खाली ठेवला.

"रोज शेकत होता? आणि शेकल्यावर पाय कसा असायचा?"

मी खिडकीबाहेर पाहत होतो. बायकोच म्हणाली, "अजून लुळा पडे."

"पडणारच. अंग तापलं की कुरतडलेल्या नसेतून निरोप पुढं जात नाही. ऊन, ताप, गरम पाणी, सगळ्यानं त्रास होईल. अंग थंड झालं की पुन्हा सुधारतं. पण तेवढ्या वेळात माणूस पडतो. उन्हापासून जपा, काका."

चैत्र तोंडावर आला असताना वऱ्हाडातल्या माणसाला ती हे सांगत होती.

काही दिवस सलाईनमधून औषध दिलं. पाय अर्धाअधिक परत आला. घरी आल्यावर पोरानं एक काठी आणली. मी ती खुंटीला टांगली. मग त्यानं खरी गोष्ट काढली.

"बाबा, वाडी ठोक्यानं देऊन टाकू. एक जन तयार हाये." ठोक्यानं म्हणजे वर्षाची रक्कम घ्यायची आणि जमीन दुसऱ्याच्या हवाली करायची.

"अन् मी काय करू?"

"आराम करा. डॉक्टरनं सांगतलं."

"मानसं कामं करतात हे बी थिनंच सांगतलं. तू अर्धंच आयकलं."

"तुमी बी अर्धंच आयकलं. उन्हापासून जपा म्हने थे."

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "दोघा बापलेकायनं मिळून तरी एक डॉक्टरीन पुरी आयकली असती तं बरं झालं असतं."

मला हसू आलं नाही. एकदा जमीन दुसऱ्याच्या पायाखाली गेली की माझ्या म्हातारपणी ती परत येणार नाही, हे मला दिसत होतं. वाडी नसली तर सकाळी उठून मी जायचं कुठं? पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालायचा? मी म्हणालो, "सांभाराचे सारे वाफे एकट्यानं ओलून दाखोतो. मंग बोल."

"अन् पडले तं?"

"पडलो तं दे कोनाले बी. मी तोंडातून शबद काढनार नाही."

पोरगा माझाच आहे. म्हणाला, "सोमवारी थो मानूस वाडी पाहाले येते. तुमी रविवारी ओला."

त्या आठवड्यात विजेची लाइन दिवसाची होती. सूर्य चांगला वर आल्यावर यायची. त्याच्याआधी ओलायचं म्हटलं तरी मोटर कशानं चालणार? रविवारी बायकोला घरीच राहा म्हणून बजावलं आणि एकटा गेलो. पलीकडं वांग्यात निंदणाच्या, म्हणजे तण काढणाऱ्या, बाया बसल्या होत्या. झाडं कमरेएवढी, त्यामुळे बाया दिसत नव्हत्या. बोलणं तेवढं येत होतं, कोणाच्या तरी सुनेची चर्चा.

पहिले वाफे झकास गेले. पाणी माझं ऐकत होतं. मग ऊन मानेवर बसलं. उजवा पाय ओल्या पोत्यासारखा जड झाला. डाव्या डोळ्यापुढं सांभाराचा हिरवा रंग राखेसारखा व्हायला लागला. हे काय आहे ते मला पक्कं माहीत होतं, डॉक्टरीण बाईचा आवाज कानात होता. निंबाची सावली हाकेवर होती. पण सावलीत बसलो असतो तर भरलेल्या वाफ्याचा बांध फुटला असता. मी बसलो नाही. वाफ्याचं तोंड बंद करायला वाकलो, मान खाली गेली, कण्यातून झटका आला आणि दोन्ही पाय एकदम नाहीसे झाले.

मी भरल्या वाफ्यात उताणा पडलो. फावडं कुठं गेलं कळलं नाही. उठ म्हटलं, पाय उठेनात. कूस वळायला गेलो तर पाणी कानात शिरलं आणि मी जागीच थांबलो. मनात आलं, पालथा पडलो असतो तर वीतभर पाण्यात मेलो असतो, आणि बाया तिकडं त्या सुनेचंच बोलत राहिल्या असत्या.

एक हाक मारली असती तर सगळ्या धावून आल्या असत्या. आणि दुपारपर्यंत गावभर झालं असतं, पडला. मी दात आवळून पडून राहिलो. मोटर चालू होती, पाणी येतच होतं. वाफा तुडुंब झाला. बांध खचताना बारीक आवाज येतो, तो मी जन्मभर ऐकत आलो आहे. तो आला आणि बांध फुटला. उपटलेली रोपं माझ्या कानाजवळून वाहत गेली.

पण ते पाणी खोल विहिरीतलं होतं, गार. सदऱ्यात शिरलं, पाठीखालून मानेपर्यंत आलं. मी पडलो होतो, ते वाहत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग उजव्या पायाच्या बोटांत मला काहीतरी लिबलिबीत लागलं. चिखल होता. मला चिखल लागत होता! अंगठा हलवला, हलला. डोळ्याची उघडझाप केली तर कडेचा सांभार पुन्हा हिरवा.

"भाऊजी! म्हशीवानी काय लोळून राह्यले?"

वांग्यात पाणी शिरलं म्हणून वहिनी पाहायला आली होती. माझ्या गेलेल्या दोस्ताची बायको, निंदणाच्या बायांची म्होरकी. तोंडानं फटकळ.

"गरमी होत होती," मी म्हणालो.

"मंग सांभारात कायले? हीर काय आटली काय?" ती हात द्यायला वाकली.

"हात लावू नको."

"नाही लावत. राहा तसेच, बगळे येऊन बसतीन."

कोपरावर जोर देऊन मी उठून बसलो. उभं राहणं जमेना. वहिनीनं एकदा वांग्याकडं मागं पाहिलं, जाऊन मोटर बंद केली, आणि परत येऊन माझ्यापुढं अशी बसली की तिकडून कोणाला मी दिसू नये. कमरेचं खुरपं काढून माझ्यापुढं धरलं.

"उठता येत नाही ना? मंग बसल्या बसल्या हात चालवा. हात तं साबूत हायेत."

आमच्याकडं गडीमाणूस उभ्यानं काम करतो. वखर, डवरा, फवारणी, पाणी. खाली बसून खुरपं चालवायचं ते बाईनं. निंदणाच्या रांगेत बसलेला गडी मी कधी पाहिला नव्हता, आणि दिसला असता तर मीच त्याला हसलो असतो.

"हे बायायचं काम हाये," मी म्हणालो.

"हो. म्हनून तं पुरं होते."

"जल्मात निंदलो नाही मी."

"मंग नाही जमनार तुमाले," ती म्हणाली आणि खुरपं परत कमरेला खोचून निघून गेली. बायांना जाऊन तिनं काय सांगितलं माहीत नाही. हसण्याचा आवाज मात्र आला नाही.

दुपारी पोरगा आला. फुटलेला बांध पाहिला, माझे चिखलानं वाळलेले कपडे पाहिले.

"पडले?"

चपलेच्या वेळी खोटं बोलता आलं होतं. इथं शब्द दिलेला होता. "पडलो."

तो जिंकल्यासारखा बोलला असता तर मला भांडता आलं असतं. तो फक्त म्हणाला, "उद्या सकाईच येते थो मानूस," आणि हातपाय धुवायला गेला.

जेवताना बायकोनं विचारलं, "पानी थंड होतं काय हिरीचं?" मी तिला अंगठ्याचं सांगितलं, चिखलाचं सांगितलं, हिरव्या रंगाचं सांगितलं. वहिनीनं काय म्हटलं तेही सांगून टाकलं. तिनं भाजी वाढली आणि म्हणाली, "ओलनं मले येते."

"तुले?"

"चाळीस वर्सं पाहून राह्यली. अन् बांध काही मी फोडला नाही आज."

पोरगा म्हणाला, "माय, बाबानं शबद देल्ला हाये."

"तुमी दोघायनं देल्ला-घेतला. वाडी तुमा दोघायचीच हाये काय? मले कोनी इचारलं?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मी उभ्याचं करतो. बसल्याचं कोन करते थे तुमी पाहा."

बसल्याचं म्हणजे निंदण. तेही उद्या, तो माणूस धुऱ्यावर उभा असताना, बायांच्या रांगेत. मी हात धुतले आणि उठलो. दुपारभर निंबाखाली पडून खुंटीवरच्या काठीचा आणि कमरेच्या खुरप्याचा विचार करत होतो. वाडी जाण्याचं भय जास्त की लोकांच्या हसण्याचं? खरं सांगतो, दिवस मावळेपर्यंत मला ठरवता आलं नव्हतं.

आजार अजून आहे. मधे एकदा त्यानं डावा हात धरला होता, पुन्हा अकोल्याला जाऊन सलाईन घ्यावी लागली. औषध मी एकदाही चुकवलं नाही. सकाळी उठल्यावर भिंतीला पाठ लावून व्यायाम करतो, सुट्टीत आलेली नातवंडं माझी नक्कल करतात. उन्हाच्या आधी वावरात, दुपारी हौदात पाय सोडून निंबाखाली, ऊन कललं की पुन्हा. आंघोळ गार पाण्याची, भर थंडीतही. पूर्वी जेवढं काम करायचो त्याच्या निम्मंही होत नाही आणि त्याचा मला राग येतो. पण सांजेला घरी येतो तेव्हा हाताला मातीचा वास असतो. गावात कोणाचा पाय लुळा पडला आणि कोणी वीट तापवताना दिसलं, तर मी माझ्या घोट्याचा डाग दाखवतो आणि म्हणतो, आधी डॉक्टर, मग वीट. ही सगळी घडी बसायला लागली ती त्या सोमवारी सकाळी.

दिवस उगवायच्या आत मी उठलो. खुंटीवरची काठी काढली, घरातलं खुरपं कमरेला खोचलं. हौदात दुपट्टा बुडवला आणि तसाच गळता गळता डोक्या-मानेभोवती गुंडाळला. सोमवारपासून लाइन रात्रीची झाली होती, ती जायच्या आत ओलून घ्यायचं म्हणून बायको फावडं घेऊन आधीच दांडाशी उभी होती. ती वळली नाही, मीही हाक मारली नाही. बाया सांभारात बसल्या होत्या. एकीएकीच्या वाट्याला एक पट्टी, तिला पात म्हणतात. मी वहिनीजवळ गेलो, काठी आडवी टाकली.

"सरक."

सगळ्या बाया थांबल्या. वहिनीनं वर पाहिलं. "पदर तं घेऊनच आले भाऊजी! बसा, बसा. पन माह्या पातीत नाही. तुमची तुमी घ्या."

आता त्या हसल्या. जेवढं हसायचं तेवढं हसू दिलं. मग बसलो आणि खुरपं घातलं. पहिल्याच फटक्यात गवताबरोबर सांभारही उपटला.

"थे ठेवा, थे गवत काढा," वहिनी म्हणाली.

सूर्य वर येत होता तेव्हा पोराची मोटरसायकल धुऱ्याशी थांबली. मागं बसलेला माणूस उतरला. वाफ्यांकडं पाहिलं, दांडावर पाणी फिरवणाऱ्या बाईकडं पाहिलं, आमच्या रांगेवरून नजर फिरवली आणि ओरडला, "बाई वो, मालक कुठी हायेत?"

बायांचे हात थांबले. पोरगा माझ्याकडं पाहत होता. त्यानं मला ओळखलं होतं, आणि उत्तर माझ्यावर सोडलं.

मी खुरपं धरलेला हात वर केला. "अथी."

"वाडी पाहाची होती, काका."

"पाह्य ना. पन धुऱ्यावरून पाह्य, वाफा आताच ओलला हाये."

आणि मी मान खाली घातली. कण्यातून बारीकसा झटका आला. तो जाऊ दिला, आणि पुढचं गवत धरलं. माझी पात सगळ्यात मागं होती.